शेवटच्या पंगतीला

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल एवढा का आवडतो, हे कधी विचारू नये. तुमचा चहा गार होईल आणि त्याचं सांगणं संपायचं नाही. दत्तप्रसाद सरनाईक तर मंगळवार पेठेतला, तालमीच्या टीमचा लेफ्ट आउट. पोराला कॉलेजात किती मार्क पडले हे त्याच्या वडिलांना धड ठाऊक नसायचं, पण सेमीफायनलला त्यानं कॉर्नरवरनं सोडलेला बॉल कसा वळला हे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. त्या गावात मॅच बघायचीसुद्धा एक रीत आहे. आपल्या तालमीची माणसं ज्या पायऱ्यांवर बसतात, तिथंच बसायचं. दुसरीकडं सावलीतली, पंख्याखालची, गादी घातलेली जागा कुणी दिली, तरी तिथं जाऊन बसणारा माणूस मॅचला आलेला नसतो, तो नुसता तिकडं गेलेला असतो. एवढं ध्यानात असू द्या, पुढं लागणार आहे.

शहाऐंशी साली तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून अबू धाबीकडच्या रुवैसच्या रिफायनरीत लागला. मागं वाळू, पुढं खारं पाणी आणि मध्ये रात्रंदिवस जळणाऱ्या चिमण्या. गडी पहिल्याच शुक्रवारी कॅम्पच्या मागं गेला, दोन डबे इकडं आणि दोन डबे तिकडं ठेवले आणि खेळ मांडला. गोलमध्ये उभा राहायला जो पुढं आला तो इद्रीस मुकादम, हर्णैचा, कंपनीची बस चालवणारा. अंगानं आडवा, हाताला मोठा आणि तोंडानं कमी. एकानं मारायचं, दुसऱ्यानं अडवायचं, असं करता करता दोघांची जी मैत्री झाली ती सख्ख्या भावांत दिसायची नाही. साधना लग्न होऊन आली तेव्हा अबू धाबीच्या एअरपोर्टवर तिच्या बॅगा उचलायला नवऱ्याच्या आधी इद्रीसच पुढं झाला. उचलणं हा त्या माणसाचा स्वभावच होता.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, अबू धाबीच्या रस्त्यावर तरीफ गावाच्या अलीकडं, पहाटेच्या धुक्यात दत्तप्रसादच्या गाडीला उंट आडवा आला. गाडीचं काय झालं, उंटाचं काय झालं, ते सांगत बसत नाही. दत्तप्रसादचा मणका गेला. "कमरेखाली खलास," असं तो हॉस्पिटलात भेटायला येणाऱ्यांना स्वतःच सांगायचा, तेही हसून, आणि ऐकणाऱ्याला कुठं बघावं ते कळायचं नाही. कंपनीनं त्याला चांगलं सांभाळलं, खोटं कशाला बोला. पुढं साधनाला शारजातल्या एका इंडियन स्कूलमध्ये गणित शिकवायची नोकरी लागली, त्याला एका फर्ममध्ये टेबलावरचं काम मिळालं, आणि शहाण्णव साली बिऱ्हाड तिथल्याच अल नहदा वस्तीत आलं. तोवर इद्रीसही शारजात येऊन एका फुटबॉल क्लबची बस चालवत होता. फ्लॅट त्यानंच शोधला. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको, या एका अटीपायी त्यानं सगळी वस्ती पालथी घातली. तेव्हा अल नहदात टॉवर थोडे आणि वाळूच जास्त होती.

तर घर होतं, नोकरी होती, आभासारखी गोड पोरगी होती. पण माणूस गप्प झाला होता. जो पूर्वी जेवतानासुद्धा कॉमेंटरी करायचा, तो आता समोर येईल ते निमूट खायचा. साधनाला हे इतकं लागलं की ती मुद्दाम एखाद्या दिवशी आमटी अळणी करून बघायची. मेला काहीतरी बोलू दे, ओरडू दे, ताट ढकलू दे. तो अळणी आमटी भातावर घेऊन शेवटच्या शितापर्यंत खायचा आणि चाक वळवून खिडकीपाशी जायचा. त्या अळणी आमटीपायी त्या बाईनं किती वेळा डोळे पुसले असतील, ते तिचं तिलाच ठाऊक.

एका शुक्रवारी इद्रीस आला आणि म्हणाला, मॅचला चल. त्याच्या क्लबचं नाव अल सफीना. मोठा क्लब नव्हे, कप-बिप जिंकणाऱ्यांतला तर नव्हेच, पण हिरवे-पांढरे झेंडे घेऊन येणारी शे-दोनशे माणसं ठरलेली. स्टँडच्या मधोमध ढोलवाले बसायचे आणि ते शिट्टीपासून शिट्टीपर्यंत हात थांबवायचे नाहीत. दत्तप्रसाद नको नको म्हणाला. म्हणाला, तिथं पायऱ्या असतील. इद्रीस म्हणाला, मी आहे की.

पायऱ्या होत्याच, आणि चांगल्या उंच. रॅम्प ही वस्तू त्या काळी फक्त माल चढवायच्या गोदामात बघायला मिळायची. इद्रीसनं एका सुदानी माणसाला हाक मारली, एक पठाण आला, एक तिथलाच तरुण आपला पायघोळ कंदुरा आवरून पुढं झाला. चौघांनी खुर्चीची चार अंगं धरली, यल्ला, म्हणजे चला, म्हणाले आणि उचलून नेऊन थेट ढोलाशेजारी ठेवली. तो आवाज छातीत घुमला तसा दत्तप्रसादच्या तोंडावर लाली आली. तरी अर्धा वेळ तो गप्पच होता. मग अल सफीनाच्या लेफ्ट आउटला बॉल मिळाला. समोर रान मोकळं, आणि तो शहाणा बॉल पायाशी घेऊन विचार करत उभा राहिला. दत्तप्रसादच्या पोटातनं, जिथं म्हणे काहीच उरलं नव्हतं तिथनं, आवाज आला, "हाण की रं!"

ढोल थांबला. सगळ्यांनी वळून बघितलं. मग ढोलवाला मनापासून हसला आणि त्याच तालावर त्यानं थाप मारली. सीझन संपेपर्यंत अख्खा स्टँड, ज्याला मराठी म्हणजे काय हेही ठाऊक नव्हतं असा, तीन शब्द तोंडपाठ करून बसला होता. शारजात अरबांच्या तोंडी मंगळवार पेठ. नाद खुळा म्हणतात तो हा.

त्या पहिल्या रात्री तो घोगऱ्या घशानं घरी आला, जेवायला बसला, पहिला घास घेतला आणि म्हणाला, "आमटीत मीठ कमी हाय गं." साधना मीठ आणायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी तिनं इद्रीसच्या बायकोला, जहांआराला, डबाभर पुरणपोळ्या पाठवल्या. कशाबद्दल ते सांगितलं नाही, आणि जहांआरानंही विचारलं नाही.

दोन सीझन असे सुखात गेले. सुखाला किंमत होती, ती दत्तप्रसाद कुणाला सांगत नसे. त्याला जाता येईल असं बाथरूम स्टेडियममध्ये नव्हतं, म्हणून मॅचच्या दिवशी दुपारपासून तो पाण्याला शिवायचा नाही. ओठ सुकायचे, पण तो ढोलाशेजारी असायचा. आभाही बरोबर यायला लागली. सुटल्यावर रस्त्यापलीकडं तीन दिरहमचा शावरमा मिळायचा. तीन दिरहम म्हणजे पस्तीस रुपये, असं साधना दर वेळी मोठ्यानं म्हणायची आणि दर वेळी घेऊन द्यायची.

नव्याण्णवच्या फेब्रुवारीत पायरीवर कुणाचं तरी लबान सांडलं होतं. ताकासारखंच ते, सिमेंटवर दिसत नाही. चौघं खुर्ची घेऊन चढत असताना इद्रीसचा पाय घसरला. खुर्ची कलंडली. दत्तप्रसादचं डोकं पायरीवर आपटायचं ते आपटलं नाही, कारण इद्रीस स्वतः खाली पडला आणि त्यानं सगळा भार पाठीवर घेतला. दत्तप्रसादला कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. इद्रीस मात्र उठेना. पुढं कितीतरी आठवडे तो पाठीला पट्टा बांधून पडून होता, आणि दत्तप्रसाद भेटायला गेला की उलट त्यालाच विचारायचा, कोपर कसा आहे. बरा झाला तेव्हा डॉक्टरनं बस चालवायची परवानगी दिली, पण वजन उचलायचं नाही म्हणून दम भरला.

पण त्याहून खोल लागलं ते दुसरंच. त्या रात्री घरी आल्यावर आभा, दहा वर्षांची पोर, कोपराला मलम लावता लावता म्हणाली, "आय अ‍ॅम नॉट कमिंग अगेन, बाबा. दे कॅरी यू लाइक अ पार्सल."

पार्सल. पोरीच्या मनात वाईट काही नव्हतं, ती घाबरली होती. पण शब्द बाणासारखा बसला. दत्तप्रसादनं ठरवलं, आता बस्स. ज्या जागी स्वतःच्या हातानं जाता येत नाही तिथं जायचंच नाही. आणि घरात पुन्हा अळणी आमटी निमूट खाल्ली जाऊ लागली.

साधना गणिताची बाई. उत्तर चुकलं की पाटी पुसून पुन्हा मांडणारी. तिनं नवऱ्याला न विचारता शाळा सुटल्यावर टॅक्सी केली आणि सरळ क्लबच्या ऑफिसात गेली. तिथं सगळे पुरुष. एकटी साडीतली बाई बघून पोरं उठून उभी राहिली आणि कुणीतरी पळत जाऊन बू राशिदना बोलावून आणलं. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील. तिकडं वडीलधाऱ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं हाक मारायची रीत आहे. क्लबची सगळी देखरेख त्यांच्याकडं. पोरपणी बापाबरोबर खजूर घेऊन मुंबईला जायचे, त्यामुळं हिंदी अशी बोलायचे की महंमद अली रोडवरचा दुकानदार वाटावा. त्यांनी साधनाचं सगळं ऐकून घेतलं. क्लबच्या दारात माणूस पडला हे त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, मॅडम, आजपासून तुमचा नवरा माझा मेहमान.

आणि खरोखर, पाहुणचार करावा तर त्या माणसानं. अ‍ॅम्ब्युलन्स आत यायचं मोठं फाटक होतं, तिथनं सपाट रस्ता थेट मैदानात जायचा. ते फाटक दत्तप्रसादसाठी उघडलं. मैदानाच्या कडेला, अगदी रेषेजवळ, छत्री रोवली. गालिचा अंथरला. शेजारी एक सोफा ठेवला, साधनाला बसायला. समोर तिपाईवर खजूर. आणि एक माणूस पितळी दल्ला, म्हणजे लांब चोचीची कॉफीची किटली, घेऊन खास त्याच्यासाठी उभा. इवल्या कपात घोटभर गहवा, तिकडची बिनदुधाची कॉफी, ओतायचा, संपला की पुन्हा ओतायचा. पूर्ण स्टेडियममध्ये असा मान फक्त शेखला.

साधना हरखून गेली. आपण काहीतरी मिळवलं म्हणून ती घरी आल्यावर दोनदा विचारायची, कसं वाटलं. तो म्हणायचा, फर्स्टक्लास. बू राशिद लांबनं हात हलवायचे, हा इकडनं हात हलवायचा.

आणि आतनं माणूस तळमळत होता. तुम्ही म्हणाल, काय माजलाय बघा. पण जरा त्याच्या जागी बसून बघा. ढोल लांब, पाठीमागं. माणसं पाठीमागं. शेजारी कुणी शिवी हासडणारं नाही, कुणी खांद्यावर थाप मारणारं नाही. हातात यजमानाचा कप असताना "हाण की रं" ओरडता येतं का? लग्नाच्या मांडवात व्याह्यांपुढं शिट्टी मारल्यासारखं झालं असतं. शिवाय तो गहवा. नाही म्हणावं तर यजमानाचा मान राहत नाही, प्यावं तर बाथरूम नाही. कप हलवला की पुरे असा अर्थ, हे इद्रीसनं त्याला शिकवलं होतं, तर हा बिचारा पहिला कप ओठाला लावायच्या आधीच हलवायचा. अर्धा जीव मॅचमध्ये आणि अर्धा पोटात.

मग बोलायचं की नाही? इथंच तर आपली माणसं मार खातात. ज्यानं फाटक उघडलं, गालिचा घातला, त्याला नावं कुठल्या तोंडानं ठेवायची? बायको एकटी जाऊन पदर सावरत मागून आली, तिला कसं सांगायचं की तुझं मागणं वाया गेलं? दत्तप्रसाद खरोखर कृतज्ञ होता आणि त्या कृतज्ञतेनंच त्याचं तोंड शिवलं होतं. आभाला त्यानं एकदा गालिच्याचं आमिष दाखवलं. ती म्हणाली, "देअर इज नोबडी देअर, बाबा." पोरीला न बघता कळलं होतं.

साधनालाही संशय आला होताच. एका गुरुवारी तिनं आमटी अळणी केली. त्यानं ती खाल्ली, आणि वर छान झालीय म्हणाला. त्या दिवसापासून तिनं, कसं वाटलं, हे विचारणं बंद केलं.

दोन हजार सालच्या सीझनच्या शेवटच्या मॅचला गंमत झाली. अल सफीनानं हरत आलेली मॅच बरोबरीत आणली आणि अगदी शेवटी, दत्तप्रसादच्या नाकासमोर, लेफ्ट आउटनं बॉल असा वळवून मारला की गोलकीपर नुसता बघत राहिला. अख्खं स्टेडियम उभं राहिलं. आणि दत्तप्रसादनं तो गोल बघितलाच नाही. त्याची खुर्ची उलटी वळलेली होती. तो स्टँडकडं बघत होता, ढोलाकडं, आणि वरच्या पायरीवर दोन्ही हात उंचावून नाचणाऱ्या इद्रीसकडं.

बू राशिदनी ते बघितलं. गर्दी ओसरल्यावर ते गालिच्यापाशी आले, गहव्याच्या माणसाला जायला सांगितलं आणि साधनापासून अंतर राखून सोफ्याच्या टोकाला बसले. म्हणाले, "सामने गोल हुआ. तुम पीछे क्या देखता है?"

दत्तप्रसाद सवयीनं म्हणाला, काही नाही, सगळं उत्तम आहे. बू राशिद उठले नाहीत. नुसते बघत बसले. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणूनच ते सहन होईना. मग त्यानं धीर केला. आमच्याकडं लग्न असतं तेव्हा, तो सांगू लागला, पाहुण्यांना पहिल्या पंगतीला बसवतात. पाट, रांगोळी, आग्रह, सगळं त्यांना. घरची माणसं उपाशीपोटी वाढत असतात. आणि सगळे जेवून गेले की शेवटी घरचे बसतात. तेव्हा जिलबी संपलेली असते, भात गार झालेला असतो, पण खरी मजा त्या पंगतीला असते. एकमेकांच्या ताटातलं ओढतात, चेष्टा करतात, दिवसभराचं सगळं उणंदुणं तिथं निघतं.

"बू राशिद, आपने मेरे को पहली पंगत में बिठाया. आपका बहुत उपकार है," तो म्हणाला. "लेकिन मेरे को आखरी पंगत में बैठना है. घरवालों के साथ. और कोई उठाके नहीं ले जाएगा. मैं अपने हाथ से आऊँगा."

बोलून झालं. संपलं, त्याला वाटलं, घालवलं सगळं. साधना मान खाली घालून बसली होती, तिच्या मांडीवर टपकन पाणी पडलं. बू राशिदनी दाढी कुरवाळत स्टँडच्या पायऱ्यांकडं बघितलं.

"मेहमान कभी बोलता नहीं, नमक कम है," ते म्हणाले. "आज तुम बोला. खलास. अब तुम मेहमान नहीं."

साधनानं मान वर केली. या म्हाताऱ्याला आमच्या आमटीचं कुणी सांगितलं, असं तिच्या मनात आल्याशिवाय राहिलं नसेल.

त्या उन्हाळ्यात आपल्याकडचे सगळे सुटीला गावाकडं गेले, मैदान तापून निघालं, आणि अल सफीनाच्या स्टँडमध्ये हातोडे वाजू लागले. पण चांगलं काम पहिल्या फटक्यात झालंय असं कधी होतं का? कॉन्ट्रॅक्टरनं रॅम्प केला तो असा उभा की त्याला घसरगुंडीच म्हणावं. बू राशिद बघायला आले. कुणाला काही न बोलता त्यांनी एक रिकामी व्हीलचेअर मागवली, कंदुरा सावरून तीत बसले आणि स्वतः हातानं चढायला लागले. अर्ध्यावर दम संपला आणि स्वारी उलटी खाली आली ती गवताला पाणी मारायच्या पाइपांवर. माणसं धावली. त्यांनी बसल्या जागेवरनंच कॉन्ट्रॅक्टरला अरबीत जे काही ऐकवलं ते, पुढं कुणी कितीही आग्रह केला तरी, इद्रीसनं भाषांतर करून सांगितलं नाही. रॅम्प फोडला गेला आणि मध्ये वळण घेऊन, अंगाला सोसेल अशा चढाचा नवा झाला.

वर ढोलाशेजारी चाकाच्या खुर्च्यांसाठी ओटा बांधला, त्यालाही कठडा लागला होता, छान रंगवलेला. साधनानं व्हीलचेअरमध्ये बसून बघितलं तर मैदानाच्या जागी नुसती लोखंडी पट्टी दिसत होती. तोही खाली घ्यावा लागला. आणि बाथरूम? ते मागायला पुरुषांची जीभ रेटेना. साधनाच पुढं झाली. बू राशिदपुढं उभी राहून, दार रुंद हवं, धरायला दांडी हवी, खुर्ची आत वळायला हवी, असं वर्गात शिकवावं तसं तिनं सांगितलं. ते जमिनीकडं बघत ऐकत होते. शेवटी एकच शब्द म्हणाले, "हाज़िर."

ओट्यावर जागा एका खुर्चीची केली नव्हती. ओळीनं कितीतरी जणांची होती, आणि प्रत्येकाशेजारी सोबत्याला बसायला एक साधी खुर्ची. दत्तप्रसादला वाटलं, एवढं कशाला, येणार तर मी एकटाच.

दोन हजार एकच्या सीझनची पहिली मॅच. निघताना त्यानं आभाला विचारलं. ती आता बारा वर्षांची, दारात हाताची घडी घालून उभी होती.

"अँड हू विल लिफ्ट यू?"

"कुणी नाही."

ती बूट घालायला गेली.

रॅम्पच्या तोंडाशी इद्रीस उभा होता. दत्तप्रसादनं हातांत जुने ग्लोव्ह्ज चढवले आणि चाकं धरली. खालनं बघताना चढ जितका सोपा वाटतो तितका नसतो. वळणापर्यंत तो गेला आणि तिथं धाप लागली. खांदे भरून आले, चाकं किंचित मागं सरकली. त्याबरोबर इद्रीसचे ते मोठे हात सवयीनं पुढं झाले. डॉक्टर, पट्टा, दुखणं, काही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"अंकल, डोन्ट," आभा म्हणाली.

इद्रीसनं हात मागं घेतले. घेतले खरे, पण त्यांचं करायचं काय हे त्याला कळेना. एकदा पाठीमागं बांधले, एकदा खिशात घातले. दत्तप्रसादनं श्वास घेतला, पुन्हा चाकं धरली, आणि शेवटचा चढ चढून ढोलाशेजारी आला. ढोलवाल्यानं त्याला बघितलं आणि ती जुनी थाप वाजवली. तीन ठोके. मागनं सगळा स्टँड गर्जला, "हाण की रं!" 

आणि ओट्यावर तो एकटा नव्हता. बू राशिदनी शारजाभर निरोप धाडला होता. एक म्हातारा इजिप्शियन मास्तर मुलासोबत आला होता. एक पॅलेस्टिनी बाई, गुडघ्यावर हिरवी-पांढरी शाल. क्लबचाच एक जुना बॅक, साखरेच्या दुखण्यात पाय गेलेला, जो कितीतरी वर्षांत मैदानाकडं फिरकला नव्हता. ही सगळी माणसं इतके दिवस कुठं होती? घरातच होती की. टीव्हीपुढं, खिडकीपाशी, आपापल्या अळणी आमटीसमोर. इद्रीससारखा दोस्त प्रत्येकाला थोडाच मिळतो.

गहव्याचा माणूस दल्ला घेऊन वर आला आणि सवयीनं पहिला कप दत्तप्रसादपुढं धरला. बू राशिदनी त्याला अडवलं. त्याच्या हातातली किटली काढून घेतली, कपांची चळत घेतली आणि दोन्ही दत्तप्रसादच्या हातांत दिली. पाहुण्यांना घरच्या माणसानं वाढायचं असतं, एवढंच म्हणाले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले.

वर्षभर त्यानं हे बघितलं होतं. दल्ला डाव्या हातात, कप उजव्या.  रीतीनं पहिला कप नव्या पाहुण्यांत वडीलधाऱ्या मास्तरांचा. दत्तप्रसादनं एक थेंबही न सांडता कप भरला, मास्तरांकडं बघून मान लववून माफी मागितली आणि मागं वळला. खुर्चीमागं इद्रीस उभा होता, अजूनही हातांचं काय करावं या विचारात.

इद्रीस मागं सरकला. म्हणाला, मी कसला पाहुणा, त्यांना दे आधी.

"बस की जरा इथं," दत्तप्रसाद शेजारच्या खुर्चीकडं मान करून म्हणाला. कप त्यानं तसाच पुढं धरला होता. "किती वर्षं उभा हायस माझ्यामागं."

आभानं खुर्ची पुढं ओढून दिली. इद्रीस बसला. त्यानं उजव्या हातानं कप घेतला, आणि खाली मैदानात शिट्टी झाली.